वेश, दालन आणि छायाचित्र : कृष्णाकाठच्या एका परंपरेचा विचार

१

कृष्णेच्या खोऱ्यातील जुन्या घरांत, सोप्याच्या भिंतीवर आढ्याजवळ, एक ठराविक प्रकारची तसबीर आढळते. लुगड्याच्या निऱ्या नीट लावून बसलेली गृहिणी, तिच्या शेजारी कोट व पागोटे घातलेला गृहस्थ, मध्ये एक लहान गोल मेज, मेजावर फुलदाणी, पायांखाली गालिचा आणि मागे संगमरवरी खांब व उद्यान यांचा देखावा. ज्या घराच्या भिंतीवर ही तसबीर टांगलेली असते त्या घरात तसला खांब नसतो, तसली फुलदाणी नसते आणि पुष्कळदा तसला गालिचाही नसतो. अंगावरचा कोट गृहस्थाचा स्वतःचाच होता, असेही खात्रीने म्हणता येत नाही. तरीही घरातील माणसांनी ती तसबीर पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असते. या विसंगतीचा अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार उंब्रजपासून आरंभ करणे सोयीचे आहे. कऱ्हाड तालुक्यातील हे गाव तारळी आणि कृष्णा यांच्या संगमाजवळ, पुणे-बंगळूर हमरस्त्यावर वसलेले असून समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. येथून ईशान्येस औंध हे जुन्या संस्थानाचे ठिकाण लागते. कृष्णेच्या प्रवाहाबरोबर आग्नेयेस गेले असता किर्लोस्करवाडी, नागठाणे, सांगली आणि मिरज ही स्थळे येतात, आणि दक्षिणेस कोल्हापूर आहे. या एका पट्ट्यात चित्रकार, छायाचित्रकार, नट, कारखानदार आणि मासिकांचे संपादक यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे कार्य केले, त्यातून वेश व गृह यांचे चित्रण मराठी वाचकाच्या दृष्टीस प्रथम पडले. आजच्या नियतकालिकांत फॅशनची छायाचित्रमाला आणि गृहसजावटीची छायाचित्रे असे जे दोन स्वतंत्र विभाग दिसतात, त्यांचा पूर्वेतिहास या पट्ट्यात बऱ्याच अंशी पाहावयास मिळतो.

इतिहासकारांनी या छायाचित्रांची फारशी दखल घेतलेली नाही. जाहिरातीच्या पोटात जन्मलेली वस्तू साधन म्हणून विश्वसनीय नाही, असे त्यामागील गृहीत दिसते. हे गृहीत अर्धेच खरे आहे. माणसे प्रत्यक्ष कशी राहत होती याचा पुरावा म्हणून ही चित्रे दुबळी आहेत, परंतु आपण कसे दिसावे असे माणसांना वाटत होते याचा त्यांच्याइतका सबळ पुरावा दुसरा नाही.

२

पश्चिम भारतात छायाचित्रणाची संघटित सुरुवात मुंबईत झाली. १८५४ मध्ये तेथे छायाचित्रणास वाहिलेली एक संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयात या कलेचा वर्गही सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही या क्षेत्रातील आरंभीची हिंदी नावे होत. याच काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या अवधीत एक छायाचित्रसंग्रह क्रमशः प्रसिद्ध केला. त्यात पश्चिम भारतातील लोकांचे पोशाख दाखविणारी एक माला होती. पुढे जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींचे चित्रण करणारे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले.

जॉन्सनच्या या खंडांतील एक गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. त्यातील अनेक चित्रांत माणसांची छायाचित्रे एका ठिकाणी घेतलेली असून त्यांच्या मागचे देखावे दुसऱ्याच छायाचित्रांतून आणून जोडलेले आहेत. म्हणजे वेश एकीकडचा व स्थळ दुसरीकडचे. पाहणाऱ्यास मात्र ती माणसे त्या स्थळी उभी आहेत असेच वाटते. वेश आणि परिसर यांची सांगड छायाचित्रकार घालतो, ती आपोआप पडलेली नसते, हे तत्त्व आपल्याकडील वेशचित्रणाच्या अगदी पहिल्या टप्प्यातच असे दृष्टीस पडते. हेतूच्या दृष्टीने मात्र ही चित्रे आणि सोप्यातील तसबीर यांत मोठे अंतर आहे. जॉन्सनच्या चित्रांतील माणूस हा एका जातीचा नमुना म्हणून उभा केलेला होता, तर तसबिरीतील माणूस स्वतःचे पैसे मोजून स्वतःच्या इच्छेने बसलेला होता. एकाचा वेश दुसऱ्याने निवडलेला, दुसऱ्याचा त्याने स्वतः.

छायाचित्रगृहे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली तेव्हा जोडकामाची जागा रंगविलेल्या पडद्याने घेतली. काचेच्या छपरातून किंवा उत्तरेकडील मोठ्या खिडकीतून येणारा सौम्य प्रकाश, मागे पडदा, पुढे खुर्ची, मेज व गालिचा अशी ती रचना असे. पट्टीवर चित्र उमटण्यास वेळ लागत असल्यामुळे बसणाऱ्यास स्थिर राहणे भाग पडे. जुन्या छायाचित्रांतील ताठर मुद्रा व खुर्चीच्या हातावर घट्ट ठेवलेला हात यांचे कारण स्वभावात शोधण्याऐवजी या यांत्रिक अडचणीत शोधणे अधिक योग्य होय.

रंगांच्या बाबतीतही अशीच सावधगिरी आवश्यक आहे. प्रारंभीच्या काचपट्ट्या केवळ निळ्या व जांभळ्या प्रकाशास संवेदनशील होत्या. त्यामुळे लाल रंग चित्रात काळा उमटे आणि निळा रंग प्रत्यक्षाहून फिका दिसे. पुढे हिरव्या व पिवळ्या प्रकाशाची नोंद घेणाऱ्या पट्ट्या आल्या, पण तांबड्याची उणीव त्यांतही राहिली. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पट्ट्या व फिल्मा १९२० नंतरच्या काळात हळूहळू रूढ झाल्या. कपाळावरील कुंकू जुन्या चित्रांत काळ्या ठिपक्यासारखे दिसते ते यामुळेच. लाल काठाचे लुगडे पाहून ते काळ्या काठाचे होते असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक, वस्त्राचा इतिहास न लिहिता काचपट्टीच्या रसायनाचा इतिहास लिहीत असतो.

३

वेशाचे अनुकरण व्हावे इतका प्रभाव एखाद्या चित्राने पाडावयाचा तर ते चित्र घरोघर परिचित असलेल्या व्यक्तीचे असावे लागते. मराठी समाजात हे स्थान प्रथम ज्यांना लाभले त्यांत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७), यांचे नाव अग्रभागी आहे. सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे गाव त्यांच्या नावाशी निगडित आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीत १९०५ मध्ये मिरज येथे शाकुंतलातील भूमिकेने त्यांचा रंगभूमीवर उदय झाला आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. ‘मानापमाना’तील भामिनी, ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी व ‘एकच प्याला’तील सिंधू या त्यांच्या भूमिकांची छायाचित्रे महाराष्ट्रभर परिचित झाली. त्यांची लुगडी नेसण्याची ढब, पदर घेण्याची रीत, केशरचना व अलंकार यांचे अनुकरण सुखवस्तू घरांतील स्त्रिया करीत असत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांच्या मंडळीने रंगमंचावरील गालिचे, आसने व वस्त्रे यांवर केलेला खर्चही तितकाच प्रसिद्ध आहे.

या घटनेचा एक अर्थ सहसा स्पष्टपणे मांडला जात नाही. त्या काळी घरंदाज स्त्रीचे छायाचित्र चारचौघांत फिरणे अनुचित मानले जाई. परिणामी उत्तम वेश केलेल्या मराठी स्त्रीची जी सार्वजनिक प्रतिमा प्रथम सर्वांच्या समोर आली ती एका पुरुषाची होती. हीच स्थिती चित्रपटातही होती. स्वतः छायाचित्रकाराचा व्यवसाय केलेल्या दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या नटाने केली होती. आजच्या फॅशन छायाचित्रात वस्त्र अंगावर घालून दाखविणारी व्यक्ती जशी स्वतःचे जीवन न दाखविता एक कल्पित जीवन दाखविते, तसेच येथेही घडत होते. भेद इतकाच की येथे कल्पित होती ती खुद्द स्त्रीच. अनुकरण करणाऱ्या स्त्रिया मात्र खऱ्या होत्या. त्यांनी आपले लुगडे, आपली चोळी व आपला आरसा यांच्या आधारे त्या प्रतिमेला प्रत्यक्ष घरात आणले.

दालनाच्या चित्रणात असाच पालट कोल्हापुरात घडला. नाटकांचे पडदे रंगविण्यात निष्णात असलेले बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापिली, आणि त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. केवळ रंगविलेल्या पडद्यांवर विसंबून न राहता लांबी, रुंदी व खोली असलेले देखावे उभारण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. पडद्यावरील खांबाला सावली नसते, उभारलेल्या खांबाला असते. कॅमेऱ्यापुढील खोली प्रकाशाने घडविता येते, हे ज्ञान या मार्गाने कृष्णा-पंचगंगेच्या परिसरातील कारागिरांच्या हाती आले.

४

नाटक व चित्रपट यांनी निर्माण केलेली ही दृष्टी छापील पानावर आणण्याचे कार्य किर्लोस्करवाडीने केले. येथील किर्लोस्कर घराणे आणि नाटक मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर यांची गल्लत होऊ नये, म्हणून दोहोंचे कार्यक्षेत्र भिन्न होते एवढे नमूद करणे पुरे आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते, आणि औंध येथील टेकडीवरील चित्रसंग्रहालय हे त्यांच्या रसिकतेचे स्मारक आहे. त्यांनी दिलेल्या जमिनीवर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळ कारखाना व वसाहत उभारली.

या कारखान्याच्या जाहिरातीचे काम ज्यांच्याकडे आले ते शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) हे शिक्षणाने चित्रकार होते. त्यांनी लाहोर येथे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या हाताखाली चित्रकलेचे धडे घेतले होते. सातवळेकरांचा लाहोर येथे चित्रे व छायाचित्रे यांचा स्टुडिओ होता. वेदांचे भाष्यकार म्हणून आज विख्यात असलेले हे पंडित १९१८ मध्ये औंध येथे येऊन स्थायिक झाले. सावंतवाडीकडील एक चित्रकार, त्याचा लाहोरमधील स्टुडिओ, तेथे शिकलेला तरुण आणि त्या तरुणाने औंध संस्थानातील माळावर आरंभिलेली मासिके, अशी ही साखळी आहे. मराठी मासिकांच्या दृश्यरूपाचा इतिहास लिहिताना तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

१९२० मध्ये निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे मूळचे कारखान्याचे वार्तापत्र होते. पुढे ते ‘किर्लोस्कर’ या नावाने सर्वसामान्य वाचकांचे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याच्या जोडीस आली. नांगर व चरक विकण्यासाठी उभारलेली यंत्रणा अशा रीतीने विचार व राहणी यांच्या प्रसाराकडे वळली. पोशाख, शिवण, आरोग्य, स्वयंपाकघराची मांडणी, मुलांचे संगोपन हे विषय ‘स्त्री’ने मराठी मध्यम वर्गाच्या चर्चेत आणले. नऊवारी लुगडे की पाचवारी पातळ, जमिनीवरील बैठक की मेज-खुर्ची, चुलीपुढे बसून स्वयंपाक की उभ्याने, या प्रश्नांत वेश व गृह ही एकाच जीवनरीतीची दोन अंगे होती. मासिकाच्या पानावर ती शेजारी शेजारी आली, यात आश्चर्य नाही.

पाश्चात्त्य देशांतही हे नाते आढळते. फ्रान्समधील वेशकार पॉल प्वारे यांच्या पोशाखांची एडवर्ड स्टायकेन यांनी घेतलेली छायाचित्रे १९११ मध्ये प्रसिद्ध झाली. आधुनिक फॅशन छायाचित्रणाचा आरंभ पुष्कळ अभ्यासक तेथून मानतात. ती प्रसिद्ध झाली ती ‘आर ए देकोरासियों’ या, सजावटीच्या कलांना वाहिलेल्या, मासिकात. मुंबईत भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने १९३७ मध्ये टाउन हॉल येथे आदर्श गृहांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा सजविलेली खोली ही पाहावयास जाण्याजोगी वस्तू म्हणून नागरिकांपुढे आली.

मासिकातील छायाचित्र आणि तसबिरीतील छायाचित्र यांत तंत्राचा मोठा भेद आहे. मासिकासाठी छायाचित्रावरून जाळीच्या साहाय्याने धातूचा ठसा तयार करावा लागे. साध्या कागदावर छापावयाच्या ठशाची जाळी जाड असे, गुळगुळीत कागदासाठी ती बारीक चाले. जाड जाळीत जरीची वीण, सुती व रेशमी यांतील फरक, लाकडाची रेषा हे सारे हरपून जाई. त्यामुळे छायाचित्रकारास सुस्पष्ट बाह्याकृती, पांढऱ्या-काळ्याचा ठळक विरोध व मोकळी पार्श्वभूमी यांवर भर देणे भाग पडले. त्या काळच्या मासिकांतील खोल्या ज्या रिकाम्या व नीटनेटक्या दिसतात, त्याचे काही श्रेय नव्या अभिरुचीकडे जाते व काही ठशाच्या मर्यादेकडे. इतिहासकाराने या दोहोंची वाटणी काळजीपूर्वक केली पाहिजे.

५

स्वातंत्र्योत्तर काळात या चित्रणाचे केंद्र मुंबईत स्थिरावले. १९५९ मध्ये ‘फेमिना’ हे पाक्षिक निघाले. त्याच वर्षी किर्लोस्करांच्या मासिकांचे बिऱ्हाड पुण्यास हलले. १९७८ मध्ये गृहसजावटीस वाहिलेले ‘इनसाइड आउटसाइड’ हे नियतकालिक सुरू झाले, आणि वेशाचे व दालनाचे चित्रण हे दोन स्वतंत्र व्यवसाय होऊ लागले. त्यांच्या गरजाही भिन्न आहेत. दालन स्थिर असते. भिंतींच्या उभ्या रेषा सरळ राहाव्यात म्हणून कॅमेरा तिपाईवर समपातळीत ठेवावा लागतो, भिंगाचे छिद्र लहान करून जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट करावे लागते, आणि खिडकीबाहेरील ऊन व आतील दिवे यांचा मेळ बसेपर्यंत थांबावे लागते. वस्त्र मात्र अंगाबरोबर हलते. त्याचा झोल आणि पदराची लहर पकडण्यासाठी क्षणार्धात चित्र घ्यावे लागते. एकात संयम हा मुख्य गुण, दुसऱ्यात तत्परता. जुन्या छायाचित्रगृहातील कारागिरास मात्र दोन्ही कामे एकाच बैठकीत करावी लागत.

या नव्या पर्वातील मराठी नावांत गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचे स्थान अग्रगण्य आहे. मुंबईत जन्मलेले राजाध्यक्ष लिंटास या जाहिरातसंस्थेत काम करीत असता छायाचित्रणाकडे वळले. १९८० नंतर चित्रपट कलावंतांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे नियतकालिकांतून गाजली. ‘फेसेस’ हा त्यांचा संग्रह १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढे मराठीत ‘चेहरे’ हे पुस्तक आले. ही शीर्षकेच त्यांची भूमिका सांगतात. फॅशनच्या क्षेत्रात वावरूनही त्यांनी मुखाला प्राधान्य दिले, वस्त्र व परिसर यांना मुखाच्या सेवेस लावले आणि सौम्य प्रकाशाचा आश्रय केला. त्यांच्या चित्रविषयांत दुर्गाबाई खोटे यांच्यासारख्या जुन्या पिढीतील अभिनेत्रीही होत्या. स्त्रीची भूमिका पुरुष करीत असलेल्या काळात घरंदाज घरातून चित्रपटात आलेल्या ज्या थोड्या स्त्रिया, त्यांतील त्या एक. बालगंधर्वांच्या छायाचित्रापासून या छायाचित्रापर्यंतचे अंतर हे केवळ तंत्राचे नाही. पहिल्यात स्त्रीचा वेश होता पण स्त्री नव्हती, दुसऱ्यात स्त्री स्वतःच्या नावानिशी उपस्थित आहे.

नावाचा हा मुद्दा साधनांच्या दृष्टीने निर्णायक आहे. आजच्या फॅशन छायाचित्रमालेखाली छायाचित्रकार, वेशकार, केशरचनाकार, वस्त्र घालून दाखविणारी व्यक्ती आणि पुष्कळदा वस्त्राची किंमत यांची नोंद असते. दालनाच्या चित्राखाली वास्तुविशारदाचे व सजावटकाराचे नाव असते. म्हणून हे चित्र कोणी, कोणासाठी व कोणाच्या वस्तू वापरून घडविले ते कळू शकते. सोप्यातील तसबिरीखाली बहुधा काहीच लिहिलेले नसते. फार तर पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात छायाचित्रगृहाचा शिक्का असतो. बसलेल्या गृहिणीचे नाव घरातील वृद्ध माणसाच्या स्मरणात असते, आणि ते माणूस गेले की नावही जाते.

६

या विवेचनावरून वेशाचे वा दालनाचे जुने छायाचित्र अभ्यासताना विचारावयाचे काही प्रश्न निश्चित करता येतात. चित्र कोणत्या प्रकारच्या पट्टीवर घेतले आहे आणि तिला कोणते रंग दिसत होते? अंगावरील वस्त्र बसणाऱ्याचे की छायाचित्रगृहाचे? मागील दालन प्रत्यक्ष आहे, उभारलेले आहे की रंगविलेले? छापील चित्र असल्यास ठशाने त्यातून काय वगळले आहे? आणि अखेरचा प्रश्न म्हणजे, चित्र कोणाच्या इच्छेने घेतले गेले, पाहणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या की बसणाऱ्याच्या? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे चित्राच्या मर्यादा दाखवितात. पाचव्याचे उत्तर त्याचा अर्थ उलगडते.

या कसोटीवर सोप्यातील त्या तसबिरीकडे पुन्हा पाहिले असता आरंभीची विसंगती उरत नाही. रंगविलेला खांब खोटा आहे, परंतु त्या खांबापुढे बसण्याची इच्छा खरी आहे. गावातील माणसाने एका दिवसासाठी आपले घर स्वतः निवडले, आपला वेश स्वतः निवडला आणि ती निवड पुढील पिढ्यांच्या हवाली केली. मासिकाने पुढे जे संपादकाच्या निर्णयाने केले व आजचा छायाचित्रकार जे मोबदला घेऊन करतो, त्याचे बीज या निवडीत आहे.

अशा साधनांचा नाश मात्र झपाट्याने होत आहे. जुन्या काचपट्ट्या धुऊन त्यांची काच तसबिरींच्या चौकटींसाठी वापरणे ही छायाचित्रगृहांतील परिचित रीत होती. मूळ पट्टी गेली की भिंतीवरील एकुलती एक प्रत उरते, आणि घराची डागडुजी निघाली की ओल व वाळवी यांनी खाल्लेली ती प्रतही अडगळीत जाते. उंब्रज, कऱ्हाड, औंध, पलूस व मिरज या परिसरातील घरे आणि जुनी छायाचित्रगृहे यांची पाहणी करून, प्रत्येक चित्राबरोबर त्यातील व्यक्तीचे नाव, वस्त्राचे नाव व चित्र घेतल्याचे निमित्त नोंदवून ठेवणे, हे काम एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागास सहज करता येण्याजोगे आहे. चित्रांच्या प्रती काढणे आज सुलभ झाले आहे, परंतु नावे सांगणारी माणसे विरळ होत चालली आहेत. म्हणून या कामात चित्रांच्या आधी नावे टिपली पाहिजेत.